चार अक्षरांत बसणारी माणसं

मार्च उजाडला की खराडीतल्या आमच्या ऑफिसातल्या निम्म्या आया कामावर असून नसल्यासारख्या होतात. कुणाच्या मुलाची दहावी असते, कुणाच्या मुलीची बारावी. जेवणाच्या सुट्टीत डब्यांच्या आधी फोन उघडले जातात. पेपर कसा गेला, पुरवण्या किती लावल्या, शेवटचा प्रश्न राहिला नाही ना. माझी मुलगी अजून सहावीत आहे, त्यामुळे मी या घोळक्यापासून लांब, खिडकीपाशी बसते. परवा तिथं मिहीर बसला होता. मिहीर आमच्या टीममधला सगळ्यात लहान मुलगा, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालेलं. एका हातात पोळीची गुंडाळी आणि दुसऱ्या हातात वहीएवढं गेम खेळायचं यंत्र.

"मॅम, क्लासिक गेम आहे ही," तो म्हणाला. "कंपनीनं आत्ता परत काढलीये. तुमच्या जमान्यातली असेल."

मी नुसतं बघायचं म्हणून वाकले आणि घास तोंडातच राहिला. चार बुटकी माणसं एकामागोमाग एक, शिस्तीत, एका जंगलाच्या कडेनं चालली होती. पहिल्याचे केस निळे होते. त्याचे केस निळे आहेत हे मला इतक्या वर्षांनी पहिल्यांदा कळलं. हीच गेम मी एका उन्हाळ्यात रोज पाहिली होती, बिबवेवाडीच्या घरात, पण सगळी काळ्यापांढऱ्यात.

"खेळलायत तुम्ही?" मिहीरनं विचारलं.

"मी नाही. माझे बाबा खेळायचे. मी वाचून दाखवायचे."

तो हसला. त्याला ते गोड वाटलं. मीही इतकी वर्षं ते गोडच म्हणून सांगत आले आहे. आयुष्यातला सगळ्यात सुखाचा उन्हाळा कोणता असं कुणी विचारलं की मी हाच सांगते.

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. गोष्ट अगदी साधी असते. एका खेड्यातला एक पोरगा. राज्यावर संकट आलेलं. गावचा म्हातारा त्याला म्हणतो, जा, तूच ते दूर करशील. पोरगा निघतो, वाटेत सोबती मिळतात, आणि मग नकाशावर चालत राहायचं. चालता चालता पडदा एकदम लुकलुकतो आणि समोर शत्रू उभे राहतात. लढाईत घाई नसते. आधी तुम्ही हुकूम निवडायचा, वार करायचा की मंत्र टाकायचा, औषध द्यायचं की पळायचं. मग समोरचा मारतो. मग परत तुमची पाळी. जिंकलात की थोडे गुण मिळतात, पुरेसे गुण साठले की माणूस एका पायरीनं वर चढतो, त्याची ताकद वाढते. चपळ बोटं लागत नाहीत. बसून राहण्याची तयारी लागते.

खोडी भरपूर. कुणी काही बोललं की एकेक अक्षर टिकटिक करत उमटतं, तुम्ही कितीही चरफडा, ते आपल्याच गतीनं येणार. पुढं कुठं जायचं ते कुणी सरळ सांगत नाही. गावातल्या माणसाशी कितीदाही बोला, तो तेच एक वाक्य म्हणतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खेळ जपून ठेवायची सोय फक्त धर्मशाळेत. तुम्ही रानात आहात, औषधं संपली आहेत, आणि लाइट गेली, तर सकाळपासूनचं सगळं गेलं. गुरुवारी आमच्याकडं हमखास लाइट जायची.

मिहीर म्हणाला, "पण मॅम, त्यातच मजा आहे ना. मेहनत केली की लेव्हल वाढतेच. कधी फसवत नाही गेम."

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं, वेगळ्या भाषेत.

त्या वर्षी दिवाळीनंतर बाबा घरी बसले. ते एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, यंत्रांचे साचे आणि हत्यारं घडवायचे. अकोल्याकडून आयटीआय करून पुण्याला आले आणि त्याच कारखान्यात त्यांचे केस पिकले. मग देशात सगळं मोकळं झालं, बाहेरून नवी यंत्रं आली आणि टूलरूमला स्वेच्छानिवृत्तीचे, म्हणजे व्हीआरएसचे, अर्ज वाटले गेले. ज्यांनी सही केली नाही त्यांना काम देणं बंद झालं. सकाळी कार्ड पंच करायचं आणि गेटजवळच्या झाडाखाली बाकावर संध्याकाळपर्यंत बसायचं. येणारेजाणारे बघायचे. बाबा सगळा पावसाळा त्या बाकावर बसले आणि नवरात्रात सही करून आले. निरोपाला त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आईनं ते लावलं नाही. म्हणाली, "वेळ बघायची गरज मला आणि मुलांना आहे. आमच्याकडं आहेत घड्याळं."

आई शाळेत शिकवायची, दुपारच्या पाळीत. मूळची पुण्याची. तिनं आवाज चढवलेला मला आठवत नाही. बाबा घरी बसल्यापासून ती त्यांना साहेब म्हणायला लागली. "साहेबांचा चहा झाला का?" "साहेब, दूध उतू जातंय, बघता का, की मीटिंगमध्ये आहात?" बाबा उठून गॅस बंद करायचे. माझा मोठा भाऊ नितीन बारावी सायन्सला होता. तो बाबांशी बोलायचाच नाही. त्याला काही हवं असलं तर आईला सांगायचा, बाबा समोर बसलेले असतानासुद्धा.

ती गेम नितीनची होती. आईचा भाऊ, माझा मामा, एका सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि कंपनीनं त्याला वर्षभर अमेरिकेला पाठवलं होतं. तिकडून येताना त्यानं भाच्यासाठी ते खेळायचं यंत्र आणलं, आणि तिकडची वीज वेगळी म्हणून सोबत एक जड ट्रान्सफॉर्मर. जोडल्यावर आमच्या टीव्हीवर चित्र आलं ते काळंपांढरं. टीव्ही रंगीतच होता, पण अमेरिकेचे रंग त्याला झेपत नव्हते.

"ताई, आता टीव्ही बदल," मामा म्हणाला.

"बदलू की," आई म्हणाली. "घरात बदलायच्या बऱ्याच गोष्टी आहेत." आणि तिनं बाबांकडं पाहिलं. मामा मोठ्यानं हसला. बाबाही थोडं हसले.

बारावी होईपर्यंत गेमला हात लावायचा नाही असं ठरलं. आईनं सगळं जुन्या साडीत बांधून माळ्यावर टाकलं.

माझी शाळा सकाळची. मी बाराला घरी यायचे तेव्हा आई शाळेत निघालेली असायची आणि नितीन अभ्यासिकेत. घरात बाबा आणि मी. फेब्रुवारीच्या एका दुपारी मी आले तर टीव्हीसमोर सतरंजी घातलेली आणि ट्रान्सफॉर्मर घुमत होता. त्याला तापल्यावर एक वास यायचा, लाखेसारखा. बाबा मांडी घालून बसले होते, हातात कंट्रोलर, आणि पडद्यावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं.

"ये," ते म्हणाले. "हे काय म्हणून राह्यलं, वाच जरा."

मी मराठी माध्यमात आठवीत. शब्दकोश घेऊन बसले. पहिलं वाक्य लावायला मला बराच वेळ लागला. गावचा म्हातारा त्या पोराला म्हणत होता, "राज्याला तुझी गरज आहे."

"परत वाच," बाबा म्हणाले.

मी परत वाचलं.

मग नावं घालायची होती. नावाला चारच घरं. बाबा म्हणाले, पहिला आपला नित्या. मी एन, आय, टी घातलं आणि उरलेल्या एका घरात एन. दुसरी औषध देणारी मुलगी, ती मी, स्मिता. एस, एम, आय, टी. तिसरा म्हातारा सैनिक, ढाल घेऊन पुढं उभा राहणारा. त्याला बाबा हे नाव नेमकं बसलं. चौथी मंत्र टाकणारी बाई, अंगानं नाजूक, पण तिनं हात उचलला की समोरचे जळून जायचे. बाबा माझ्याकडं बघत राहिले. मी त्यांच्याकडं. "आई," आम्ही दोघं एकदम म्हणालो आणि इतके हसलो की मला उचकी लागली.

तो उन्हाळा माझ्या अंगात अजून कसा आहे ते सांगता येत नाही. पडदे ओढलेली खोली. फरशी गार, सतरंजीची वीण मांडीवर उमटलेली. खालच्या रसवंतीचे घुंगरू, मधेच थांबणारे. कैरीच्या फोडींना मीठतिखट लावून बाबा बशीत ठेवायचे आणि माझी बोटं चिकट झाली की शब्दकोशाची पानं चिकटायची. मला जे शब्द सापडायचे नाहीत तिथं मी मनानं घालायचे. राणी काय म्हणाली, चोर काय म्हणाला, त्यातलं निम्मं मीच रचलेलं. बाबांना ते कळायचं की नाही कुणास ठाऊक. ते मान डोलवायचे, आणि लढाई आली की पुढं सरकायचे.

खेळताना त्यांची भाषा बदलायची. आमच्याशी ते पुण्यासारखंच बोलायचे, आईनं लग्नानंतर तेवढं करून घेतलं होतं. पण पडद्यासमोर त्यांचं वऱ्हाडी आपोआप वर यायचं. "काऊन रे बापा, एकटाच मरून राह्यला? थांब, औषध देतो तुले." "मार त्याले, मार. हे तं मेलं." मला त्यांचा तो आवाज ठाऊकच नव्हता. गावाकडच्या एखाद्या चुलत्याचा असावा तसा मोकळा आवाज.

आणि त्यांची खेळायची एक तऱ्हा होती. गोष्ट पुढं न्यायची त्यांना घाई नव्हती. पहिल्या गावाबाहेर गवतात मऊ, बुळबुळीत, लहान प्राणी असायचे, कुणीही मारावेत असे. बाबा त्या गावाभोवतीच चकरा मारायचे. दहा पावलं इकडं, दहा पावलं तिकडं. प्राणी आला, मारला, दोनचार गुण. परत चकरा. थकले की धर्मशाळेत झोप, खेळ जपून ठेवायचा, परत बाहेर.

"बाबा, पुढं जाऊ या ना," मी म्हणायचे. "राजवाड्यात बोलावलंय."

"जाऊ. आधी हात पक्का होऊ दे. इथं केलेलं वाया जात नाही, पाहिलं का? एक मारला की एक लिहून घेतात. कुणी खोडत नाही."

आईला कळलं ते साडीमुळे. माळ्यावरच्या साडीची घडी तिची नव्हती. ती शाळेतून आली, ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवला, गरम लागला. मी दाराआड उभी. मला वाटलं आता घर डोक्यावर घेणार.

"अहो, मला सांगायचं ना," ती म्हणाली. "माळ्यावर चढून पडलात बिडलात तर? दवाखान्यात कोण बसणार? तुम्ही खेळा. निदान माझ्या पायात पायात येत नाही."

तेव्हापासून चोरी राहिली नाही. ते जास्त वाईट झालं. आई संध्याकाळी आली की चप्पल काढता काढता विचारायची, "काय, अजून गावाबाहेरच का?" तिनं बरोबर हेरलं होतं. शेजारच्या काकू साबुदाण्याच्या पापड्या वाळत घालायला आल्या की दारातून आत बघायच्या आणि आई त्यांना सांगायची, "आमच्याकडं दोघं परीक्षेला बसलेत यंदा. एकाची बारावी, एकांची ही." काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. एकदा बाबा लढाईच्या भरात "मार त्याले" म्हणाले तेव्हा आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मराठीत मारा." त्यानंतर बाबा खेळताना बोलायचे नाहीत. ओठ हलायचे फक्त.

मामा एका रविवारी आला. बाबांच्या मागं खुर्चीत बसून चहा पिता पिता बघत राहिला. "भाऊजी, तुम्ही फारच बेसिक खेळताय," तो म्हणाला. "तिकडची पोरं ही दोन आठवड्यांत संपवतात." मग पुढं वाकून त्यानं बाबांच्या खांद्यावर थोपटलं. "पण चांगलंय. मन रमतंय ना? महत्त्वाचं ते. माझ्या कंपनीत काही असलं तर बघतो मी तुमच्यासाठी. साधंसंच असेल, पण बघतो."

"बघ रे बाबा," आई म्हणाली. "खरंच बघ."

बाबांनी त्या वेळी धर्मशाळा गाठलेली होती. त्यांनी खेळ जपून ठेवला, यंत्र बंद केलं आणि मामाला सोडायला जिना उतरून खालपर्यंत गेले.

होळीनंतर आम्ही शेवटी गाव सोडलं. बाबांनी इतक्या चकरा मारल्या होत्या की पुढचे शत्रू पटापट पडत गेले. डोंगर, खाण, बंदर. मी वाचत होते, ते चालत होते. पैसे साठले की सगळ्यात भारी चिलखत ते त्या म्हाताऱ्या सैनिकाला घ्यायचे, कारण तो पुढं उभा राहतो, मार त्याला बसतो. मग एक पूल आला. मागून फौज लागलेली, पूल कोसळायला आलेला. म्हातारा सैनिक पुलाच्या तोंडाशी थांबला आणि अक्षरं टिकटिक करत उमटायला लागली.

"वाच," बाबा म्हणाले.

मी वाचलं. "तुम्ही पुढं व्हा. मी आता म्हातारा झालो. इथून पुढं तुम्हाला माझी गरज नाही."

पूल पडला. पडदा पांढरा झाला. परत चित्र आलं तेव्हा रांगेत तीनच माणसं होती. बाबांनी यादी उघडून पाहिली. नाव नव्हतं. चिलखतही नव्हतं, ढालही नव्हती. खेळणारा कसाही खेळला असता तरी तो म्हातारा तिथं मरणारच होता, ते आधीच लिहून ठेवलेलं होतं, हे मिहीरनं मला परवा सांगितलं.

बाबांनी यादी बंद केली. मग त्यांना हसू यायला लागलं. "याले बी देल्ली व्हीआरएस!" ते म्हणाले आणि हसत सुटले. कंट्रोलर खाली ठेवला, दोन्ही हातांनी पोट धरलं, डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात. मीही हसत होते. मला वाटलं आमची मजा चालली आहे.

फिजिक्सचा पेपर होता त्या दिवशी बाबा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार बसले होते. नितीनचं केंद्र लांब होतं, सारसबागेच्या पलीकडं. आईनं अर्धी रजा टाकलेली. बाबा चप्पल घालायला लागले तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही नका येऊ. तुम्ही उभे दिसलात की त्याला टेन्शन येतं."

"तो म्हणाला का असं?"

"त्यानं म्हणायची वाट कशाला बघायची?"

ते दोघं स्कूटरवरून गेले. माझ्या शाळेत बोर्डाचं केंद्र होतं, म्हणून मला त्या दिवशी सुट्टी होती. बाबांनी शर्ट बदलला आणि आम्ही खेळायला बसलो. आम्ही शेवटच्या किल्ल्याच्या दाराशी आलो होतो. बाहेर ऊन रणरणत होतं. जिन्यात पावलं वाजली ती मला ऐकू आली नाहीत, ट्रान्सफॉर्मर घुमत होता.

नितीन आत आला, मागं आई. त्यानं परीक्षेचं पॅड पलंगावर फेकलं. बाबा वळले. "कसा गेला?"

"मला विचारू नका."

"अवघड काढला होता का?"

"घरात हे असलं चाललेलं असताना अभ्यास काय होणार?" तो बाबांकडं न बघता आईला म्हणाला. "मी तिथं मरतोय आणि हे इथं व्हिडिओ गेम खेळतायत. वर्गातल्या पोरांना माहितीये. विचारतात मला, तुझे बाबा कुठल्या लेव्हलला पोचले?"

नितीननं त्या सबंध महिन्यात घरी बसून एक पान वाचलं नव्हतं, तो सकाळी अभ्यासिकेत जायचा तो रात्री जेवायलाच यायचा. हे आईला माहीत होतं. ती पाणी प्यायली आणि स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी राहिली.

नितीननं बाबांच्या हातातून कंट्रोलर घेतला. खेळ बंद करून परत चालू केला. जपून ठेवलेल्या खेळांची यादी आली. वरच्याच ओळीत आमची माणसं उभी होती, खाली त्यांची नावं.

"हे काय? एन आय टी एन. हा मी का?"

"हो," बाबा म्हणाले. "चारच अक्षरं बसतात त्यात."

"नाव पण धड लिहिता येत नाही." त्यानं यादीच्या तळाशी जाऊन काहीतरी निवडलं. पडद्यावर एक ओळ आली. "स्मिता, वाच. तू दुभाषी ना यांची? काय विचारतंय ते सांग यांना."

मी बाबांकडं पाहिलं.

"वाच म्हटलं ना."

"हा खेळ कायमचा पुसला जाईल," मी वाचलं. "पुसायचा का?" खाली दोन शब्द होते, हो आणि नाही, आणि त्यांच्यामध्ये एक छोटा हात वरखाली हलत होता.

नितीनचा अंगठा बटणावर होता. तेवढ्यात आई म्हणाली, "तू नको. त्यांना दाबू दे. आपल्या हातानं केलं की मग तक्रार राहत नाही."

मला अजूनही वाटतं, आई हे बोलली नसती तर नितीन कदाचित थांबला असता. तो सतरा वर्षांचा होता, पेपर वाईट गेला होता, रडू आवरत होता. त्यानं आईकडं पाहिलं, मग कंट्रोलर बाबांपुढं धरला. बाबांनी तो घेतला. कारखान्यातलं एखादं मापाचं यंत्र घ्यावं तसा दोन्ही हातांत नीट धरला.

"वरचं हो आहे का?" त्यांनी मला विचारलं.

मी मान हलवली.

त्यांनी दाबलं. माणसं गेली. यादीतल्या तिन्ही ओळी आता रिकाम्या होत्या. बाबांनी ट्रान्सफॉर्मरचा खटका बंद केला, वायर कोपरात आणि अंगठ्यात धरून गुंडाळली, टोकाला गाठ मारली आणि सगळं टीव्हीखाली सरळ रांगेत ठेवलं. मग नितीनला म्हणाले, "हातपाय धू. जेवून घे."

परीक्षा संपल्यावर नितीननं गेम स्वतः लावली. दोन दिवस खेळला. "किती स्लो आहे, बोअर," म्हणाला आणि साडीत बांधून माळ्यावर टाकली. निकाल लागला तेव्हा फिजिक्समध्ये त्याला उत्तम मार्क होते. पेपर वाईट गेला असं त्याला नुसतं वाटलं होतं. आईनं पेढे वाटले, काकूंनी विचारलं, "आणि त्या दुसऱ्या परीक्षेचं काय झालं हो?" आई म्हणाली, "त्यांनी फॉर्म मागं घेतला." त्या दुपारबद्दल घरात कुणी परत बोललं नाही. नितीन इंजिनिअर झाला, अमेरिकेत गेला, तिथं स्थायिक झाला. आता तो बाबांशी फार प्रेमानं बोलतो. त्याला ती दुपार आठवते का हे मी विचारलेलं नाही. आठवत नसावी. ज्याला खोडायला मिळतं त्याच्याकडं आठवण ठेवायचं कारण उरत नाही.

मामानं शब्द पाळला. त्याच्या कंपनीच्या गेटवर बाबांना सुरक्षारक्षकाची नोकरी मिळाली. निळा गणवेश, टोपी, शिट्टी. मामाची गाडी आली की बाबा आडवा बांबू उचलायचे आणि इतर साहेबांना करायचे तसाच मामाला सलाम करायचे. मामा काच खाली करून म्हणायचा, "अहो भाऊजी, मला कशाला?" पण एकदाही गाडी थांबवून उतरला नाही. नातेवाइकांत सगळे म्हणायचे, भाऊ असावा तर असा.

या सगळ्यात माझ्याकडं राहिली ती फक्त ती सतरंजी, तो लाखेचा वास, आणि बाबांचा मोकळा आवाज. बाकीचं मी गाळून टाकलं. सुखाच्या दिवसांचं असंच करावं लागतं.

मिहीरकडून ते यंत्र मी शनिवार-रविवारपुरतं मागून घेतलं आणि बिबवेवाडीला गेले. बाबा आता सत्तरीच्या पुढं आहेत. गुडघे गेलेत, कान ठीक आहेत. आई आत नितीनशी व्हिडिओवर बोलत होती. मी बाबांच्या शेजारी दिवाणावर बसले आणि यंत्र त्यांच्या हातात दिलं.

"ओळखा."

त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "अरे, रंगीत आहे."

अंगठ्यांना सगळं आठवत होतं. गावातून बाहेर पडले, गवतात गेले, दहा पावलं इकडं, दहा तिकडं. एक प्राणी आला. तो हिरवा होता. मारला. मी नकळत वाचायला लागले होते. दुसरा मारला. मग त्यांनी यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं.

"घेऊन जा तू हे."

"का? खेळा ना. मिहीरला सोमवारी द्यायचंय."

"काय आहे त्यात? तेच ते."

"तेव्हा तर तुम्हाला इतकं आवडायचं."

"मला?" ते म्हणाले. त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. "मला कधी आवडलं ते?"

"रोज तर खेळायचो आपण. हसायचो किती."

बाबा खिडकीकडं बघत राहिले. बोलले तेव्हा गावाकडचं बोलले, आईचा आवाज आतून येत असूनही.

"ऐक वं माय. घरात कुठंबी बसलो तरी कोणाचं ना कोणाचं तोंड दिसे. तुझ्या आईचं. नित्याचं. त्या बाजूवालीचं. तिथं टीव्हीसमोर बसलो का घराकडं पाठ करता ये. बंद टीव्हीकडं पाहत बसलो असतो तं लोकांनी येड्यात काढलं असतं. म्हणून ते."

इतक्या वर्षांत मी कितीजणांना ती गोष्ट सांगितली होती.

"आणि मी?" मी विचारलं. "मी पण होते ना तिथं."

"तू शेजारी बसे," बाबा म्हणाले. "शेजारी बसलेल्याचं तोंड दिसत नाही."

आतून आईनं हाक मारली, नितीन फोनवर आहे, ये म्हणून. मी उठले नाही. बाबा समोर बघत होते. मीही समोर बघत बसले, आणि मान वळवली नाही.